शब्दचर्चा : डॉकटेस्ट, रिव्ह्यू, पॅच, अपस्ट्रीम – सेजमॅथच्या कामाला मराठी शब्द कोणते?

लघुगणक

सेजमॅथ (थोडक्यात सेज) या मुक्त गणिती सॉफ्टवेअरच्या विकासात हातभार लावू पाहणाऱ्या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी पुस्तिका तयार होते आहे. वाचणाऱ्याला गणित येतं, पायथन बेताचं येतं, पण आपण केलेला बदल प्रकल्पात कसा शिरतो हे माहीत नसतं, असं धरून ती लिहिली जातेय. फाइल, फोल्डर, कमांड, ब्राउझर तसेच ठेवायचे, यावर वाद नाही. अडलंय ते डॉकटेस्ट, रिव्ह्यू, पॅच, अपस्ट्रीम, मर्ज आणि डेप्रिकेशनवर. मसुद्यात सध्या 'दस्तऐवज-चाचणी', 'पुनरावलोकन', 'ठिगळ', 'ऊर्ध्वप्रवाह', 'विलीनीकरण' आणि 'कालबाह्यता' असे शब्द आहेत. यातले निम्मे तरी बदलावेत असं वाटतं. सुचवा.

पूर्णांक

डॉकटेस्टपासून सुरुवात करू, कारण सेजचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. नियम असा की प्रत्येक फंक्शनच्या वर्णनातच उदाहरणं हवीत. आधी एका वाक्यात फंक्शन काय करतं ते, मग इनपुट, आउटपुट, आणि मग 'एक्झाम्पल्स' हा मथळा. मथळ्यानंतर दोन विसर्गचिन्हं, एक रिकामी ओळ आणि चार जागा आत सरकवून मजकूर. 'सेज' आणि विसर्गचिन्ह अशी सुरुवात असलेल्या ओळीवर आज्ञा, तिच्याखाली अपेक्षित उत्तर. म्हणजे २०२४ चे अवयव पाडायची आज्ञा असेल तर खालच्या ओळीत २^३ * ११ * २३. नंतर 'सेज -टी' आणि फाइलचा पत्ता दिला, की यंत्र प्रत्येक आज्ञा पुन्हा चालवतं आणि आलेलं उत्तर लिहिलेल्या उत्तराशी अक्षरशः जुळवून बघतं.

याला मराठीत शाळेपासून शब्द आहे : ताळा. ताळा करणे, ताळा पाहणे, ताळा जमणे, ताळा चुकणे. सगळी क्रियापदं तयार आहेत, एकही नवीन घडवायला लागत नाही. 'सात ताळे चुकले' असं लिहिलं तर विद्यार्थ्याला लगेच समजेल.

मोडीप्रेमी

ताळा पटला. ताळेबंद आणि ताळमेळ वापरात असल्यानं शब्द जुनाट वाटत नाही. अडचण एकच, अनेकवचन. 'ताळे' घाईत 'टाळे' वाचलं जातं, आणि 'ताळे लावले' लिहिलं तर अर्थाचा अनर्थ. तेव्हा अनेकवचनाच्या जागी 'ताळ्याची उदाहरणं' लिहा, आणि 'लावणे' हे क्रियापद टाळा.

'पडताळा' मात्र इथे नको. पडताळा अनुभवाचा येतो. पडताळणी कागदपत्रांची होते. दोन उत्तरं समोरासमोर ठेवून जुळवण्याची कृती 'ताळा' या शब्दात नेमकी आहे.

कर्णरेषा

ताळा हा शब्द आणखी एका कारणासाठी योग्य आहे, आणि पुस्तिकेत ते कारण ठळकपणे यायला हवं. ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबर ठरत नाही.

नवाचा ताळा घ्या. ४७ × ८६ = ४०४२. सत्तेचाळीसच्या अंकांची बेरीज ११, म्हणून २. शहाऐंशीची १४, म्हणून ५. गुणाकार १०, म्हणून १. उत्तराच्या अंकांची बेरीज १०, म्हणून १. जमला. आता उत्तर चुकून ४४०२ लिहिलं तरी अंकांची बेरीज १०च, आणि ताळा तसाच जमतो. अंकांची अदलाबदल या पद्धतीला दिसतच नाही.

डॉकटेस्टचं हेच होतं, आणि बहुतेक वेळा कारण ठरावीक असतं. लिहिणारा फंक्शन चालवतो, आलेलं उत्तर उचलतो आणि अपेक्षित उत्तर म्हणून चिकटवतो. त्यानंतर यंत्र फक्त 'आजचं उत्तर कालच्यासारखंच आहे' एवढं सांगतं. कालचं चुकीचं असेल तर चूक कायम होते, आणि पुढे कोणी ती सुधारली तर ताळा त्याच्याच नावाने चुकतो!

उपाय म्हणजे उत्तर दुसऱ्या वाटेनं काढणं. अनिश्चित संकलन असेल तर निकालाचं अवकलन करून मूळ फलाशी वजाबाकी शून्य येते का पाहावं. सांत गट असेल तर अलघुकरणीय संमिश्र निरूपणांच्या मितींच्या वर्गांची बेरीज गटाच्या कोटीइतकी येते का ते पाहावं. पूर्णांकांची विभाजनं (संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेत लिहायच्या रीती) असतील तर लहान संख्यांसाठी सगळी यादी करून मोजावी, आणि मोठ्यांसाठी सेज ज्यांची मदत घेतं त्या फ्लिंट आणि गॅप या दोन सॉफ्टवेअरांची उत्तरं एकमेकांशी लावून बघावीत. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ साली विभाजनांच्या संख्येचं सूत्र मांडलं तेव्हाही हाच मार्ग होता. मॅकमहॉन यांनी २०० पर्यंतची कोष्टकं वेगळ्या रीतीनं, हातानं काढली होती, आणि २०० ची विभाजनं ३९,७२,९९,९०,२९,३८८ येतात हे त्यांच्याशी ताडून पाहता आलं. ज्या रीतीनं उत्तर काढलं तिच्याशी ताळ्याची रीत संबंधित नसेल तेव्हाच ताळ्याला वजन येतं.

लघुगणक

हे उदाहरण घेतो. मग 'सिद्धता' शब्द वेगळा राखावा लागेल ना? मसुद्यात एके ठिकाणी 'चाचणीने सिद्ध झाले' असं वाक्य आहे.

कर्णरेषा

ते वाक्य काढाच. सेजमध्ये हा भेद आज्ञेच्या पातळीवरच केलेला आहे. 'इज-प्राइम' ही आज्ञा, काही बदललं नसेल तर, सिद्धतेसह उत्तर देते. 'इज-स्यूडोप्राइम' फक्त कसोटी लावते, म्हणून मोठ्या संख्यांवर कितीतरी पटींनी झटपट चालते. फर्माच्या साध्या कसोटीला फसवणारी ३४१ ही संख्या पुस्तिकेत द्या : २ चा ३४० वा घात भागिले ३४१, बाकी १, तरीही ३४१ = ११ × ३१. सेज वापरतं ती कसोटी याहून पुष्कळ कडक आहे. तिला फसवणारी संयुक्त संख्या २^६४ च्या खाली नाही हे तपासून झालंय, आणि त्यापुढेही अजून सापडलेली नाही. पण 'सापडलेली नाही' आणि 'नाही' यांत फरक आहे, म्हणून तिथे 'छद्म मूळ संख्या' आणि 'कसोटी' हेच शब्द. 'सिद्ध' फक्त सिद्धतेसाठी.

पूर्णांक

ताळ्याच्या ओळीपुढे ज्या खुणा टाकतात त्यांचंही मराठी ठरवा, नवखे तिथेच चुकतात. 'अ‍ॅब्ज टॉल' म्हणजे चालेल एवढा निरपेक्ष फरक. दशांश उत्तराचा शेवटचा अंक यंत्रागणिक बदलतो. खूण नसेल तर लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर ताळा जमतो आणि दुसऱ्या प्रोसेसरवर चुकतो. 'लाँग टाइम' म्हणजे वेळखाऊ. 'लाँग' हा पर्याय दिला तरच ती ओळ चालते. 'रँडम' खुणेनं उत्तराची तुलनाच बंद होते, ओळ कोसळल्याशिवाय चालली एवढंच समजतं. त्यामुळे 'रँडम' खूण असलेल्या ओळीला पुस्तिकेत ताळा म्हणू नये. तिच्याऐवजी यादृच्छिक सारणी घेऊन तिचा व्यस्ताशी गुणाकार एकक सारणी येतो का, असं काही लिहावं.

आणि खुणा लिहिताना रोमन अक्षरंच ठेवा, भाषांतर फक्त समजावण्यापुरतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये सायलॅबसारख्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीतून आहेत. अशा धड्यांत निवेदन मराठी असलं तरी विद्यार्थ्याला पडद्यावर जे टंकायचंय ते जसंच्या तसं ऐकू यायला लागतं, नाहीतर तो शोधत बसतो.

मोडीप्रेमी

रिव्ह्यूकडे येऊ. 'पुनरावलोकन' म्हणजे मागे वळून पाहणं. सरत्या वर्षाचं करतात. 'समीक्षा' साहित्याची. मला 'छाननी' सुचते. उमेदवारी अर्जांची छाननी होते आणि शेवटी वैध की अवैध असा निर्णय लागतो. सेजमध्येही निर्णय लागतो ना?

कर्णरेषा

निर्णय लागतो, पण छाननीत अर्ज नमुन्यात भरलाय का एवढंच पाहतात. सेजमधला रिव्ह्यू करणारा काय करतो ते पाहा. बदलाची शाखा (कोडची वेगळी ठेवलेली प्रत) आपल्या यंत्रावर घेतो, सेज पुन्हा बांधतो, बदललेल्या फाइलीचाच नव्हे तर तिच्यावर विसंबणाऱ्या फाइलींचाही ताळा पाहतो, दस्तऐवज बांधून सूत्रं नीट उमटतात का बघतो. हे झालं वरवरचं. खरं काम यानंतर : अल्गोरिदम वाचणं आणि कडेच्या बाबी टोचून बघणं. शून्य बहुपदी दिली तर? रिकामी यादी? लक्षण २ असलेलं क्षेत्र, जिथे २ ने भागता येत नाही? ० × ० सारणीचं सारणिक १ यायला हवं. कोणी शून्य परत करत असेल तर पुढची विगमनं मोडतात. हे गणित जाणणाऱ्याचंच काम.

म्हणून परीक्षण. प्रबंधाचा परीक्षक जसा वाचतो, शंका काढतो, दुरुस्त्या सुचवतो आणि मग मान्यता देतो, तसंच. 'छाननी' शब्द वाया जाणार नाही. बदल पाठवल्याबरोबर यंत्र आपोआप जे तपासतं, म्हणजे बांधणी होते का, ताळे जमतात का, ओळींची मांडणी नियमात आहे का, त्याला छाननी म्हणा. यंत्राची छाननी आणि माणसाचं परीक्षण.

मोडीप्रेमी

मान्य. मग खुणांचे शब्द असे चालतील : 'परीक्षण हवे', 'काम बाकी', 'खुलासा हवा' आणि 'परीक्षकाची संमती'. शेवटच्या ठिकाणी 'सकारात्मक परीक्षण' अजिबात नको. त्यातून परीक्षकानं कौतुक केलंय एवढंच कळतं, संमती दिलीय हे कळत नाही.

पूर्णांक

एक नियम जोडा. आपल्या बदलाचं परीक्षण आपण करायचं नाही. परीक्षकानं स्वतः त्यात मोठी भर घातली तर तेवढ्या भागापुरता तो लेखक होतो, आणि तो भाग दुसऱ्यानं तपासायचा. त्यामुळे 'लेखक' आणि 'परीक्षक' हे एका बदलापुरते धरलेले हुद्दे आहेत, माणसांची कायमची ओळख नव्हे.

'तिकीट' या शब्दाबद्दलही टीप हवी. फेब्रुवारी २०२३ मध्ये सेजचं काम ट्रॅक या जुन्या नोंदप्रणालीवरून गिटहब या संकेतस्थळावर आलं. ट्रॅकवरच्या नोंदीला 'तिकीट' म्हणत. जुन्या चर्चांत आणि कोडमधल्या टिपांत 'ट्रॅक तिकीट' असा उल्लेख आढळेल. क्रमांक तेच राखले आहेत, त्यामुळे जुना क्रमांक गिटहबवर शोधला तरी तीच नोंद मिळते. मराठीत 'नोंद' पुरे. 'तक्रार' नको, कारण बऱ्याच नोंदी नव्या सोयींसाठी असतात.

लघुगणक

छान. पॅच आणि अपस्ट्रीम?

कर्णरेषा

'ठिगळ' ठेवा, पण एकाच जागी. सेज स्वतः सगळं गणित करत नाही. संख्याशास्त्रीय नव्हे, संख्यासिद्धान्ताचं बरंचसं काम बोर्दोमध्ये वाढलेल्या पारीकडे, गटांचं गॅपकडे (आखेनमध्ये १९८६ साली सुरू झालेलं), बहुपदींच्या आदर्शांचं (आयडियल) काइझर्सलाउटर्नच्या सिंग्युलरकडे, चिन्हांकित कलनाचं एमआयटीच्या मॅकसिमापासून (Macsyma) उतरलेल्या मॅक्सिमाकडे (Maxima). यातल्या कशात चूक सापडली तर आधी त्या प्रकल्पाला कळवायचं. त्यांची नवी आवृत्ती येईपर्यंत सेजमध्ये त्या पॅकेजच्या 'पॅचेस' फोल्डरात छोटी दुरुस्ती ठेवतात. ती तात्पुरती असते, दुसऱ्याच्या कापडावर असते आणि नवं कापड आलं की काढायची असते. ते ठिगळच आहे. सेजच्या स्वतःच्या कोडमधल्या बदलाला मात्र ठिगळ म्हणू नका, तो 'बदल' किंवा 'दुरुस्ती'.

इथली नेहमीची चूक : ठिगळ घातलं, पण पॅकेजच्या आवृत्ती-फाइलीत मागे 'पी-शून्य' लावायचं (किंवा आधीच असेल तर अंक एकनं वाढवायचा) राहून गेलं. मग ज्यांच्याकडे ते पॅकेज आधीच बांधलेलं आहे, त्यांच्याकडे ते पुन्हा बांधलंच जात नाही. लिहिणाऱ्याकडे चूक गेलेली, इतरांकडे तशीच. नव्यानं सगळं बांधणाऱ्या यंत्रालाही हे दिसत नाही, म्हणून परीक्षकानं ती फाइल मुद्दाम उघडून पाहावी.

अपस्ट्रीमला 'ऊर्ध्वप्रवाह' नको. 'मूळ प्रकल्प' म्हणा. 'मूळ प्रकल्पाला कळवले', 'मूळ प्रकल्पाने स्वीकारले'. वाक्यात सहज बसतं.

मोडीप्रेमी

'विलीनीकरण' संस्थानांचं झालं, बँकांचं होतं. विलीन होणाऱ्याची वेगळी ओळख संपते. शाखेचा इतिहास मात्र जपला जातो. साधं 'मर्ज' ठेवा किंवा 'मुख्य शाखेत घेणे' म्हणा. दोघांनी त्याच ओळी बदलल्या तर 'टक्कर' झाली म्हणा, 'संघर्ष' नको.

पूर्णांक

राहिलं डेप्रिकेशन. 'कालबाह्य' इथे थेट चुकीचा आहे, कारण कालबाह्य म्हणजे वापरातून गेलेलं. सेजमध्ये एखाद्या फंक्शनचं नाव बदललं तरी जुनं नाव लगेच काढत नाहीत. ज्या स्थिर आवृत्तीत पहिल्यांदा इशारा गेला, तिच्यापासून किमान एक वर्ष ते चालू ठेवावं लागतं. त्या काळात जुनं नाव वापरलं तर उत्तर बरोबरच येतं, सोबत इशारा छापला जातो. चालू आहे, पण जाणार आहे, आणि जागा घेणारं ठरलेलं आहे. अशा माणसाला आपण 'मावळते अध्यक्ष' म्हणतो.

मोडीप्रेमी

'मावळतं फंक्शन'. उत्तम. वर्ष पुरं झाल्यावर जे काढून टाकतात त्याला मग 'कालबाह्य' म्हणता येईल, तो शब्दही कामी आला.

लघुगणक

मग इशाऱ्याचा नमुना असा देतो : 'हे नाव मावळते आहे, त्याऐवजी अमुक वापरा. तपशिलासाठी नोंद क्रमांक तमुक पाहा.' चालेल?

पूर्णांक

चालेल. क्रमांक वगळू नका. सेजच्या डेप्रिकेशन आज्ञेत तो पहिलाच लागतो, संदेश त्यानंतर. आणि जुन्या नावाचं एक ताळ्याचं उदाहरण 'टेस्ट्स' मथळ्याखाली ठेवायला सांगा, अपेक्षित उत्तरात इशाऱ्याच्या ओळींसकट. इशारा दिसेनासा झाला तर ताळा चुकतो आणि कळतं. जुनं नाव काढायच्या दिवशी ते उदाहरणही त्याच बदलात काढायचं, नाहीतर छाननीत अडकतं.