ऑर्व्हिएतोची विहीर चुकवू नका

इटलीतल्या ऑर्व्हिएतो गावी रोमहून जाणाऱ्यांना एकाने सुचवलंय, की तिथलं कथेड्रल पाहिलं की लगेच रोमची परतीची गाडी पकडावी. कथेड्रल अप्रतिमच आहे. १२९० साली सुरू झालेलं, आणि आतली चित्रकार सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं तर मान दुखेपर्यंत बघत राहावीत अशी. पण तेवढ्यावर परत फिरू नका, ही कळकळीची विनंती.

गाव वसलंय ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकाच्या उभ्या कड्यांवर. शत्रूला चढायला अवघड, पण वेढा पडला तर पाण्याची पंचाईत. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं, पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला आणि याच धास्तीने त्याने विहीर खोदायला घेतली. पन्नास मीटरहून खोल! तिचे दोन गोल जिने एकमेकांभोवती फिरत जातात, पण वाटेत कुठेच मिळत नाहीत. एकाने खेचरं उतरायची, दुसऱ्याने पाणी घेऊन वर यायची. समोरासमोर खोळंबा नाही. प्रत्येक जिन्याला २४८ पायऱ्या, उजेड मधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या खिडक्यांतून. विहीर पुरी झाली १५३७ मध्ये, तोवर क्लेमेंट वारला होता.

गावाच्या पोटात एट्रुस्कन लोकांच्या, म्हणजे रोमनांच्याही आधीच्या, काळापासून खोदलेल्या शेकडो गुहाही आहेत. काहींच्या भिंतींत ओळीने खण कोरलेत, कबुतरं पाळायला. ती खाण्यासाठी पाळत.

स्टेशन खाली आहे, तिथून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे, वर नेते. विहीर वरच्या थांब्याच्या अगदी जवळ, म्हणून आधी तीच करा, पाय ताजे असताना.