शब्दचर्चा: कीवर्डला 'कळीचे शब्द' म्हणावं का?

रानजाई: जुन्या मराठी चित्रपटांची ऑनलाइन सूची आम्ही चौघी मिळून करतोय. प्रत्येक चित्रपटाखाली कथेतल्या ठळक गोष्टींचे कीवर्ड द्यायचे, म्हणजे 'शिक्षक' शोधलं की शिक्षकाचे सगळे चित्रपट एका जागी सापडतील. रकान्याला मी 'कळीचे शब्द' नाव दिलं, तर मैत्रीण म्हणते, कळ म्हणजे भांडण, बदल ते. शिवाय 'पिंजरा'ला (१९७२) मी 'तमाशा' लावलं होतं, ते काढून कुणीतरी 'लावणी' केलंय. दोन्ही एकच का?

जुनीरिळे: मैत्रिणीच्या डोक्यात 'कळीचा नारद' असावा. तिथली कळ कलहातली. 'कळीचा मुद्दा'मधली यंत्राची, दाबली की चालू होणारी. तुमचा शब्द बरोबर आहे.

बोरू: बरोबर असेल, पण कानाला पाठ्यपुस्तकी लागतो. 'बीजशब्द' घ्या.

जुनीरिळे: बीजातून अख्खं झाड उगवतं. 'विहीर' या कीवर्डातून कथा उगवत नाही, फक्त चित्रपट सापडतो. त्यापेक्षा 'खूणशब्द', पुस्तकात खूण घालतो तसा.

सायली_ठाणे: लोक 'टॅग'च म्हणतात, तेच लिहा. नावापेक्षा आत काय भरता ते बघा. 'हृदयस्पर्शी', 'अप्रतिम' ही मतं झाली, कीवर्ड नव्हेत. 'विनोदी' हा प्रकार, त्याचा रकाना वेगळा हवा. आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळावर कीवर्ड चित्रपटाला लागू आहे का यावर वाचक मत देतात, तशी सोय करता आली तर फार बरं. आणि शेवट फोडू नका! लेकीला 'पिंजरा' पहिल्यांदा दाखवणार होते. तिने आधी एका सूचीत बघितलं, खाली टॅग: 'स्वतःच्याच खुनाचा आरोप'. सगळी गंमत गेली. मला अजून वाईट वाटतं.

अडकित्ता: तमाशा आणि लावणी एक नव्हेत. लावणी हा गाण्याचा प्रकार, बैठकीत बसूनही अदा करतात. तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग, म्हणजे कथेचं नाटक, असं सगळं येतं. आमचे आजोबा फडात ढोलकी वाजवायचे. कुणी 'लावणीवाले' म्हटलं की चिडायचे, "तमासगीर म्हणा" म्हणायचे. 'पिंजरा'ला दोन्ही लावा, एक काढून दुसरं कशाला? आणि 'नाच्या'चं 'नर्तक' करू नका. नर्तक कुणीही असेल, नाच्या हे फडातलं ठरलेलं पात्र आहे.

बोरू: 'तमाशा' मुळात अरबी, फारसीतून आलेला. हिंदीत तर त्याचा अर्थ नुसता देखावा किंवा गोंधळ. सूची मराठी आहे, तर 'लोकनाट्य' लिहावं.

अडकित्ता: तीनशे वर्षं मराठीत नांदलेला शब्द परका कसा? 'लोकनाट्य' हे नाव नंतर प्रतिष्ठेसाठी पुढे केलं. त्यातून 'तमाशा' पुसला, तर आजोबांचं काम कुठल्या शब्दाखाली शोधायचं मी?

बोरू: पुसा म्हटलं नाही. पण फडांच्या पाट्यांवर तमासगीरच 'लोकनाट्य तमाशा मंडळ' लिहितात ना?

अडकित्ता: लिहितात. दोन्ही शब्द लिहितात.

रानजाई: मग दोन्ही ठेवते. पण संगीतबारी (नुसती गाणी आणि नाच) आणि ढोलकीफड (वगासकट पूर्ण तमाशा) हे वेगळे टॅग करावेत का? गेल्या आठवड्यात पाहिलेल्या एका चित्रपटात वग नव्हताच, नुसती बारी होती. त्याला 'तमाशा' लावलं तर चालेल?