विरळणीत वठलेली झाडं किती ठेवायची? मदत हवी आहे

आमच्या सामूहिक वनात साधारण ४० हेक्टर मिश्र जंगल आहे. यंदा विरळणी (दाटीतली काही झाडं तोडून बाकीच्यांना जागा करणं) करायची आहे आणि वाद अडलाय तो उभ्या वठलेल्या झाडांवर. समितीतल्या निम्म्या लोकांना ती सरपणाला हवीत, वर ‘कीड पसरते’ हेही कारण. माझ्या माहितीप्रमाणे साल पोखरणारे भुंगेरे नुकत्याच मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या झाडांत वाढतात. साल गळून कोरडं पडलेलं खोड त्यांना फारसं उपयोगाचं नसतं. पण हे बैठकीत पटवून देणं वेगळंच!

ढोल्या असलेल्या झाडांना गेल्या वर्षी पांढरे पट्टे मारले. तरी दोन तोडली गेली. त्यातल्या एकात सुतारपक्ष्याने कोरलेलं जुनं भोक होतं, त्यात पिंगळ्याची जोडी राहायची. खाली पडल्यावर आत मऊ भुसा आणि पिसं निघाली. कृत्रिम घरटी लावून पाहिली, त्यांत मुंग्यांनीच बस्तान मांडलं.

पायवाटेलगतची आणि जाळरेषेजवळची (वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याजवळची) वठलेली झाडं काढावीच लागणार, त्यावर दुमत नाही. सरपण पूर्ण बंद करणंही शक्य नाही. विणीच्या हंगामात तोड नाही, एवढं सर्वांनी मान्य केलंय.

ज्यांनी असं वन प्रत्यक्ष सांभाळलंय त्यांना विचारतो: हेक्टरी किती वठलेली झाडं राखता, निवडताना खोडाची जाडी बघता की ढोली, आणि ती एकत्र गटाने ठेवावीत की विखुरलेली?