प्रतिसाद: नुसत्या दंडाने भागणार नाही

वर एकांनी लिहिलंय की गाडी चालवताना मोबाईल वापरण्याचा दंड वाढवला की लोक आपोआप सुधारतील. दंड आधीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली चालवताना मोबाईल हातात धरणं हे धोकादायक ड्रायव्हिंग ठरतं: पहिल्या गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

मी रोज फोंड्याहून पणजीला स्कूटरने जातो. भोम गावात घरं, दुकानं अगदी रस्त्याला लागून. तिथे ताशी ५० च्या वेगाने जाणाऱ्याने तीन सेकंद मेसेज वाचला, तर गाडी जवळजवळ ४२ मीटर न बघताच पुढे जाते. तेवढ्यात शाळेतलं पोर रस्ता ओलांडायला उतरलेलं असतं. गेल्या पावसात माझ्यापुढची कार अशीच हळूहळू डावीकडे सरकत गटारापर्यंत गेली. चालवणाऱ्याची मान खाली. माझे हातपाय गार पडले होते.

मला वाटतं, सुरुवात मेसेज पाठवणाऱ्यांनी करावी. मुलगा घरी यायला निघाला की आमच्याकडे त्याला कुणीही ‘खंय पावलो?’ (कुठे पोचलास?) विचारत नाही. त्याच्या फोनवर ड्रायव्हिंग मोड (गाडी चालवताना मेसेजचे आवाज बंद ठेवणारी सोय) लावलाय, पोचल्यावर तोच फोन करतो. पहिले काही दिवस हिचा जीव टांगणीला लागायचा, आता सवय झाली. आणि चालक टायप करताना दिसला तर मागे बसलेल्याने सरळ म्हणावं, ‘बाजूला घे, मग लिही.’ मी भाचीच्या नवऱ्यालाही म्हटलंय. त्याला राग आला, पण गाडी थांबवली त्याने.