मदत हवी आहे: ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यापासून सर्व्हरला एलटीओ-६ टेप ड्राइव्ह दिसत नाही

नमस्कार. आमच्या ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांचे आणि पोथ्यांचे स्कॅनिंग चालते व त्या प्रतिमांचा बॅकअप एलटीओ (बॅकअपसाठीच्या चुंबकीय टेपांचा एक प्रकार) टेपांवर घेतला जातो. सर्व्हरवर आतापर्यंत सेंटॉस ७ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिचे अपडेट ३० जून २०२४ पासून बंद झाल्यामुळे अलीकडे ती काढून रॉकी लिनक्स ८ नव्याने बसवले, आणि तेव्हापासून टेप ड्राइव्ह सर्व्हरच्या लेखी अस्तित्वातच नाही.

ड्राइव्ह अर्ध्या उंचीचा, बाहेर ठेवायचा, स्वतंत्र वीजपुरवठ्याचा एलटीओ-६ (सहाव्या पिढीचा) आहे. तो एसएएस (डिस्क व टेप ड्राइव्ह जोडण्याची पद्धत) केबलने एलएसआय ९२००-८ई या कार्डाला जोडलेला आहे. हे साधे एचबीए, म्हणजे उपकरणे केवळ जोडून देणारे कार्ड आहे; अनेक डिस्क एकत्र चालवणारे रेड कार्ड नव्हे. डिस्क वेगळ्या रेड कंट्रोलरवर असून त्या व्यवस्थित चालू आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला ‘ड्राइव्ह रेड कार्डावरून काढा’ असाच मिळतो.

ड्राइव्हकडे पाहिले तर बिघाडाचे कोणतेच लक्षण नाही. हिरवा दिवा स्थिर असतो, टेप आत सरकवल्यावर ती ओढून घेतल्याचा नेहमीचा आवाज येतो, बटण दाबल्यावर ती बाहेर येते आणि पुढच्या एक-अक्षरी पडद्यावर त्रुटीचा कोणताही संकेत उमटत नाही. केबल बदलून पाहिली, आधी ड्राइव्ह आणि मग सर्व्हर या क्रमानेही सुरू करून पाहिले.

लिनक्समध्ये मात्र एसटी० किंवा एनएसटी० ही उपकरणांची नावेच तयार होत नाहीत, त्यामुळे टेप हाताळणारी ‘एमटी’ आज्ञा अशी फाइल नाही असे सांगून थांबते. एसटी मॉड्यूल (लिनक्सचा टेप ड्रायव्हर) हाताने लोड केले. ते विनातक्रार लोड झाले, पण फरक पडला नाही. जोडलेल्या डिस्क व टेप दाखवणाऱ्या ‘एलएसस्कझी’च्या यादीत केवळ रेड कंट्रोलरवरच्या डिस्क येतात. नव्याने स्कॅन करावे म्हणून स्कझी होस्टची, म्हणजे लिनक्सने चालू केलेल्या अशा कार्डांची व पोर्टांची, यादी उघडली, तर तिच्यात रेड कंट्रोलर आणि साटा पोर्ट आहेत, पण या कार्डाचा होस्टच नाही.

देखभालीचे कंत्राट ज्यांच्याकडे आहे त्यांनी ‘ड्राइव्ह गेला, नवा घ्या’ असे एका वाक्यात सांगितले आहे. कार्यकारिणीपुढे एवढ्या खर्चाचा प्रस्ताव ठेवण्याआधी दोष नेमका ड्राइव्हमध्ये आहे, कार्डात आहे की लिनक्समध्ये, हे खात्रीने कळायला हवे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद:

ड्राइव्हची खरेदी तूर्त थांबवावी. आपल्या वर्णनातील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. टेप ड्राइव्ह खराब असता तरी कार्डाचा होस्ट यादीत दिसायला हवा होता. तो नाही याचा अर्थ गाडी ड्राइव्हपर्यंत पोहोचण्याआधीच अडली आहे. एसटी मॉड्यूल कार्डाच्या ड्रायव्हरने शोधलेल्या टेपला नाव देते, स्वतः शोधायला जात नाही, म्हणून ते लोड करून काही साधणार नव्हते.

दोन गोष्टी पाहाव्यात. सर्व्हर सुरू होताना एलएसआय कार्डाचा संदेश येतो, त्या वेळी कंट्रोल आणि सी दाबून कार्डाच्या मेनूत जावे व एसएएस टोपोलॉजीमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) ड्राइव्हचे नाव दिसते का ते बघावे. तिथे ऑपरेटिंग सिस्टिमचा संबंधच नसतो, त्यामुळे ड्राइव्ह, केबल आणि कार्ड या तिन्हींचा निकाल एकदम लागतो. मग लिनक्समध्ये सर्व्हरमधील कार्डे दाखवणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ आज्ञेला ‘एनएनके’ हा पर्याय जोडून या कार्डाखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरची ओळ येते का ते कळवावे.

धागाकर्ता:

कार्डाच्या मेनूत ड्राइव्ह मॉडेलच्या नावासह स्पष्ट दिसतो. ‘एलएसपीसीआय’मध्ये कार्ड त्यावरील चिपच्या नावाने, एसएएस २००८ म्हणून येते, पुढे कंसात १०००:००७२ असा क्रमांक आहे, परंतु त्याखाली ड्रायव्हरची ओळ नाही. एमपीटी३एसएएस हे अशा कार्डांच्या ड्रायव्हरचे मॉड्यूल सिस्टिममध्ये आहे. हाताने लोडही होते, तरी कार्ड तसेच राहते.

आणखी एक प्रतिसाद:

हाच क्रमांक अपेक्षित होता. आरएचईएल ८ (रेड हॅट कंपनीचे लिनक्स) मध्ये एमपीटी३एसएएस ड्रायव्हर ठेवला आहे, परंतु तो ज्या कार्डांना ओळखतो त्यांच्या यादीतून एसएएस २००८ आणि त्या पिढीतील आणखी काही चिप वगळल्या आहेत. रॉकी ८ त्याच स्रोतावर बांधलेले असल्याने तिथेही तेच घडते. मॉड्यूल लोड होते, आपल्या यादीत ००७२ शोधते, तो सापडत नाही आणि कार्डाला हात न लावता गप्प बसते; त्रुटीसुद्धा नोंदवत नाही, म्हणून माणसे ड्राइव्ह आणि केबल बदलत राहतात. ‘मॉडइन्फो’ आज्ञेने या मॉड्यूलची कार्डांची यादी पाहिली तर आपली आपणच खात्री करता येईल.

उपाय दोन आहेत. ईएलरेपो या जादा ड्रायव्हर पुरवणाऱ्या भांडारातून केमॉड-एमपीटी३एसएएस हे पॅकेज बसवले की वगळलेली कार्डे पुन्हा ओळखली जातात. सिक्युअर बूट (अनोळखी सहीचे मॉड्यूल नाकारणारी सुरक्षा) चालू असेल तर ईएलरेपोची सार्वजनिक की आधी ‘मॉकयुटिल’ने नोंदवावी लागेल, अन्यथा मॉड्यूल नाकारले जाईल. तसेच रॉकीची उपआवृत्ती वाढवण्याआधी तिच्या कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) पॅकेज उपलब्ध आहे ना, हे दर वेळी पाहावे लागेल. ज्या सर्व्हरकडे रोज पाहणारे कोणी नाही, तिथे मी हा मार्ग सुचवणार नाही. तिथे एसएएस २३०८ चिपचे ९२०७-८ई कार्ड घेणे अधिक शहाणपणाचे आहे. त्याला जोडणीही तीच, एसएफएफ-८०८८ प्रकारची, त्यामुळे केबल बदलावी लागत नाही, आणि रॉकी ८ मधला मूळ ड्रायव्हर ते ओळखतो. एसएएस ३००८ चे ९३००-८ई घेतल्यास मात्र कार्डाकडील टोक एसएफएफ-८६४४ असते, म्हणजे केबलचाही खर्च आला.

धागाकर्ता:

‘मॉडइन्फो’च्या यादीत ००७२ खरोखरच नव्हता. ईएलरेपोचे पॅकेज बसवून सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर ‘एलएसस्कझी’मध्ये टेप ड्राइव्ह आला आणि एनएसटी० तयार झाले. कायमसाठी ९२०७-८ई घेण्याचा प्रस्ताव देत आहे. त्याची किंमत नव्या ड्राइव्हच्या तुलनेत किरकोळ आहे. कंत्राटदारांना या धाग्याची प्रत पाठवली आहे.

एक शंका राहिली. जुन्या एलटीओ-५ टेपा ‘टार’ या बॅकअपच्या आज्ञेने वाचताना मेमरी देता येत नाही अशा अर्थाची त्रुटी येते, पण सर्व्हरमध्ये मेमरी भरपूर मोकळी आहे. एलटीओ-६ ड्राइव्ह एलटीओ-५ टेप वाचतो ना?

प्रतिसाद:

वाचतो, आणि लिहितोही. ही त्रुटी सर्व्हरच्या मेमरीबद्दल नाही. टेपवरचा ब्लॉक (एका वेळी लिहिलेला डेटाचा तुकडा) ‘टार’ने वाचायला घेतलेल्या जागेपेक्षा मोठा असला की लिनक्स हाच संदेश देते. वेगळे सांगितले नसेल तर ‘टार’ १० केबीचा ब्लॉक धरते. आपला जुना बॅकअप बहुधा मोठ्या ब्लॉकने लिहिलेला असावा. टेप सुरुवातीला गुंडाळून घ्यावी आणि ‘बी’ पर्यायाला ५१२, म्हणजे २५६ केबी, देऊन केवळ टेपवरील फाइलींची यादी वाचून पाहावी. जुनी बॅकअप स्क्रिप्ट जपलेली असेल तर नेमका आकडा तिच्यातच सापडेल.