नेबॉश, सीएफपीएस की लीड ऑडिटर? फायरवाल्याला सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

मी ९ वर्षं एका कारखान्याच्या फायर विभागात आहे. पंप हाउस, हायड्रंट, स्प्रिंकलर, अलार्म पॅनल, वेल्डिंग चालू असताना फायर वॉच, सगळं केलंय. शिक्षण बारावी, पुढचं जे काही शिकलो ते कामावर. आता सेफ्टी ऑफिसरच्या जागेसाठी विचारणा झाली आहे. अट एकच, वर्षभरात एखादं मान्यताप्राप्त सर्टिफिकेट करायचं. कुठलं, ते कुणी सांगत नाही. खर्च माझ्या खिशातून, म्हणजे एकच जमेल.

आतापर्यंत चौकशी केली ती अशी. नेबॉश या ब्रिटिश सेफ्टी परीक्षा संस्थेच्या इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेटला पदवीची अट नाही, नावही सगळीकडे चालतं. पण त्यात आगीचा भाग थोडाच. बाकी मशीन गार्डिंग (मशीनच्या फिरत्या भागांवरचं संरक्षण), रसायनं, वजन उचलणं, कामाचा ताण असं बरंच काही. एनएफपीए या अमेरिकन अग्निसुरक्षा संस्थेचं सीएफपीएस, म्हणजे अग्निसुरक्षा तज्ज्ञाचं सर्टिफिकेट, मात्र अगदी माझ्या घरचं वाटतं. बारावीवाल्याला ६ वर्षांचा अनुभव लागतो, तो आहे. भीती एवढीच, की एचआरवाल्याला ते चार अक्षरांचं नाव कळेल का? ओशा या अमेरिकन सरकारी सुरक्षा खात्याचं ३० तासांचं ट्रेनिंग पण बघितलं, पण ओशा स्वतःच सांगते की ते कार्ड म्हणजे सर्टिफिकेशन नव्हे. आयएसओ ४५००१ (कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) चा लीड ऑडिटर कोर्स ५ दिवसांत उरकतो, म्हणून मोह होतो.

मन सीएफपीएसकडे झुकलं होतं, आणि गेल्या महिन्यात एक ऑडिट झालं. ऑडिटरनं आग विझवायच्या सीओटूच्या सिलिंडरवर शेरा मारला, ‘प्रेशर गेज नाही.’ आता सीओटूला गेज नसतोच, सिलिंडर वजन करून तपासतात. मी हौसेनं सिलिंडर काट्यावर ठेवला, त्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा केलं, तर ४.५ किलोच्या जागी गॅस निघाला ३.८ किलो! १० टक्क्यांपेक्षा जास्त घट म्हणजे सिलिंडर भरायला पाठवायचा. शेरा चुकीचा, पण सिलिंडर खरंच बाद. दोघेही गप्प. मग ऑडिटरनी सहज विचारलं, “कॉम्प्रेसर रूममधला ८ तासांचा, म्हणजे पूर्ण पाळीचा सरासरी आवाज कधी मोजलाय?” मी नुसता बघत राहिलो. त्या खोलीत मी रोज जातो, ओरडल्याशिवाय तिथे बोलता येत नाही, पण मोजायचं कधी डोक्यातच आलं नाही.

आणखी दोन अडचणी. इंग्रजी वाचायला ठीक, लिहायला कच्चं. आणि एका क्लासवाल्यानं फोनवर थेट सांगितलं, “पेपर आमची माणसं लिहून देतात, तुम्ही फक्त नाव द्या.” असंच चालतं का सगळीकडे?

ज्यांनी यातलं काही केलं असेल त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, उत्तर तुमच्या ऑडिटच्या गोष्टीतच आहे. सिलिंडरचं तुम्हाला येतं, त्यासाठी कागद कशाला? आवाजाचं येत नाही, आणि सेफ्टी ऑफिसरला तेच रोज विचारतात. नेबॉश करा.

मीही फायरमधूनच इकडे आलो. लेखी पेपर ओपन बुक असतो, एका कंपनीचा प्रसंग देतात. माझा पहिला प्रयत्न फसला तो इंग्रजीमुळे नाही, तर पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवल्यामुळे. प्रसंगात सुपरवायझर म्हणाला असेल की ‘आज ऑर्डर जायचीच, गार्ड नंतर लावू’, तर ते वाक्य पकडून उत्तर लिहायचं. मोडक्या इंग्रजीत लिहिलंत तरी मार्क मिळतात, मुद्दा प्रसंगातला हवा.

दुसरा भाग म्हणजे आपल्याच कामाच्या जागेचं रिस्क असेसमेंट, म्हणजे तिथले धोके शोधून त्यांवर उपाय मांडणं. माझ्या वेळी कमीत कमी १० धोके लागायचे, तेही ५ वेगवेगळ्या प्रकारांतले. फायरवाल्यांची गंमत अशी, की पहिले ७ धोके आगीचेच लिहून मोकळे होतात. मीही झालो होतो.

त्या क्लासवाल्याचा नंबर ब्लॉक करा. पेपरनंतर मुलाखत होते, तुम्ही अमुक उत्तर असं का लिहिलंत म्हणून विचारतात. दुसऱ्यानं लिहिलेलं तिथे लगेच उघडं पडतं, आणि मग पेपरही गेला, पैसेही गेले.

सीएफपीएस वाईट नाही हो. ३ तासांत १०० प्रश्न, पुस्तक समोर ठेवून. पुस्तक कसलं, दोन जाडजूड खंड आहेत. कुठे काय आहे ते बोटांना माहीत हवं. पण दर ३ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्याचा खरा उपयोग फायर डिझाइन नाहीतर विमा कंपनीच्या पाहणीच्या कामात. पुढे तिकडे वळायचं झालं तर तेव्हा करा. लीड ऑडिटर आत्ता नकोच. तो दुसऱ्याची पद्धत तपासायला शिकवतो, तुम्हाला आधी स्वतःची बसवायची आहे.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. ७ धोके आगीचे, हे वाचून हसू आलं, कारण काल रात्री सहज यादी करायला बसलो तर माझे ६ झाले होते. नेबॉशचं नक्की करतो.

आवाज मोजायचा मीटर स्टोअरमध्ये आहे म्हणतात. आज शोधला, सापडला, सेल गंजलेले. एक विचारायचं राहिलं: कॉम्प्रेसर रूममध्ये मोजताना मीटर मशीनजवळ धरायचा की माणूस उभा राहतो तिथे, त्याच्या कानाशी?