मदत हवी आहे: व्हर्च्युअल बॉयच्या डाव्या डोळ्यात आडव्या रेघा, आणि गुन्पेई योकोईंबद्दल एक शंका

कॉलेजच्या प्रदर्शनात निन्टेंडोचा जपानी व्हर्च्युअल बॉय (डोळे लावून त्रिमितीय चित्र बघायचं गेम-यंत्र) मांडायचा आहे. उजव्या डोळ्यात चित्र स्वच्छ दिसतं, डावीकडे आडव्या पट्ट्या गायब आहेत. कार्ट्रिज बदलून फरक पडला नाही. एलईडी गेले असं धरायचं का? शिवाय शेजारच्या फलकावर त्याचे निर्माते गुन्पेई योकोई यांच्याबद्दल 'या अपयशामुळे योकोईंना निन्टेंडोने काढलं' असं लिहिलंय. ते ठेवावं का?

सोल्डरवाला:
एलईडी बहुधा शाबूत असतील. या यंत्रात नेहमीसारखा पडदा नाहीच. प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल एलईडींची एकच उभी ओळ आहे आणि समोरचा आरसा वेगाने हलून ती आडवी पसरवतो. त्यातून ३८४ गुणिले २२४ चं चित्र होतं. म्हणजे एक एलईडी म्हणजे चित्राची एक अख्खी आडवी रेघ. एलईडीच्या पट्टीला जाणारी चपटी रिबन केबल फक्त गोंदावर टिकलेली असते. गोंद वाळला की संपर्क तुटतो आणि तेवढ्या रेघा जातात.

बाहेरच्या स्क्रूंना ४.५ मिमीचा गेमबिट (गेम-यंत्रांच्या खास स्क्रूंचा पाना) लागतो, आतल्यांना लांब दांड्याचा फिलिप्स. केबलचा जोड बोटाने हलकेच दाबून बघा. रेघा परतल्या तर निदान पक्कं. गरम करून गोंद पुन्हा चिकटवायचा उपाय सांगतात, पण तो टिकत नाही. केबलवरचं प्लास्टिक अलगद खरवडून तांबं उघडं करा, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं द्रव्य) लावा आणि एकेक तार थेट बोर्डाला सोल्डर करा. खरवडताना तांब्याची पट्टी तुटली तर मात्र पंचाईत. आरशाला बोट लावू नका.

वीज: कंट्रोलरच्या पाठीला सहा एए सेल. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टमध्ये थेट खोचू नका.

जुनागेमर:
फलकावरचं ते वाक्य काढा. योकोई १९६५ मध्ये निन्टेंडोत आले ते पत्ते छापणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी. पुढे अल्ट्रा हँड हे खेळणं (१९६६), गेम अँड वॉच हे खिशातले छोटे गेम (१९८०), १९८२ च्या डाँकी काँग गेम अँड वॉचवरचं अधिक-चिन्हाचं बटण, १९८९ चं हातात धरायचं गेम-यंत्र गेम बॉय. स्वस्त, जुनं, मुरलेलं तंत्र घ्यायचं आणि ते वेगळ्याच कामाला जुंपायचं, हे त्यांचं सूत्र.

व्हर्च्युअल बॉयही त्याच सूत्रातला: लाल एलईडी स्वस्त आणि कमी वीज खाणारे, निळे तेव्हा महाग. पण लाल-काळं चित्र, डोक्यावर न बसणारं आणि टेबलावर ठेवून वाकून बघायचं धूड, डोळ्यांना ताण, शिवाय एकूण अवघे २२ खेळ. जुलै १९९५ मध्ये जपानमध्ये १५,००० येनला आला, वर्ष संपायच्या आतच तिथे बंद पडला. खप साधारण ७ लाख ७० हजार.

सोल्डरवाला:
पण तो अपटल्यावर वर्षभरातच त्यांनी कंपनी सोडली, एवढं तरी खरं ना?

जुनागेमर:
हो, १५ ऑगस्ट १९९६ ला. पण त्याआधी जुलैमध्ये त्यांचाच गेम बॉय पॉकेट (गेम बॉयची छोटी आवृत्ती) बाजारात आला होता, आणि निघण्याचा विचार आधीपासून होता असं ते स्वतः सांगत. काढून टाकल्याचा पुरावा नाही. नंतर त्यांनी कोतो ही कंपनी काढली आणि बानदाई या खेळणी कंपनीसाठी वंडरस्वान या हातातल्या गेम-यंत्रावर काम केलं. ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वंडरस्वान १९९९ मध्ये आला. फलकावर 'व्हर्च्युअल बॉयनंतर वर्षभराने निन्टेंडो सोडली' एवढंच लिहा.